बरुंत्से (७,१२९ मी.): एजन्सीच्या मोहिमेत नाव देण्याआधी काय विचारून घ्यावं?

खिंडवाट

नमस्कार मंडळी. येत्या ऑक्टोबरमध्ये एका नेपाळी एजन्सीच्या मोहिमेतून नेपाळमधल्या बरुंत्से शिखरावर जायचा विचार आहे. गिर्यारोहणाचे बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही कोर्स झालेत, सहा हजारी दोन शिखरं झालीत. सात हजारी हे पहिलंच.

कार्यक्रम ३० दिवसांचा आहे: लुक्ला, मेरा शिखर (हवेची सवय व्हावी म्हणून), हुंकू खोरं, बेस कॅम्प, वेस्ट कोल खिंडीवरून आग्नेय सोंडेने शिखर, आणि परत येताना आम्फू लाप्चा खिंड ओलांडून छुकुंग गाव. एजन्सीच्या पत्रकात ‘फुल सर्व्हिस’ एवढंच लिहिलंय. त्यात काय येतं, काय येत नाही? पैसे भरण्याआधी नेमकं काय लिहून घ्यावं? तयारी कुठे कमी पडते? आणि मेरा करावं की थेट बरुंत्सेला जावं?

सोंडेवरचा

आधी नकाशा नीट बघा. बरुंत्सेचा बेस कॅम्प साधारण ५,४०० मीटरवर आहे, आणि तिथून बाहेर पडायच्या ओळखीच्या वाटा सगळ्या त्याहून उंच. मेरा ला खिंड ५,४१५, आम्फू लाप्चा ५,८४५, वेस्ट कोल ६,१०० च्या वर. म्हणजे बेस कॅम्पवर कुणी आजारी पडलं तर ‘खाली उतरा’ म्हणणं सोपं, पण उतरायचं कुठे? हुंकू खोऱ्यातून कोंगमे डिंगमापर्यंत गेलात तर जेमतेम पाच-सहाशे मीटर उंची कमी होते, आणि तिथेही चहाची टपरी किंवा एखादं घर यावर भरवसा नको. बाकी सगळं हेलिकॉप्टरवर, आणि ते हवा स्वच्छ असेल तरच. त्यामुळे या शिखराला एजन्सी निवडताना ‘किती जणांना शिखरावर नेलं’ हा दुय्यम प्रश्न. कुणी आडवं पडलं तर काय करणार, हा पहिला.

लिहून घ्यायच्या गोष्टी:

‘फुल सर्व्हिस’ या शब्दाला अर्थ नाही. काहींचा अर्थ फक्त बेस कॅम्पपर्यंतचं जेवण-तंबू एवढाच असतो. वरच्या कॅम्पांवरचे तंबू, गॅस, जेवण आणि ते वाहणारी माणसं धरलीत का, हे वेगळं विचारा. क्लाइंबिंग शेर्पा किती क्लायंटमागे एक, हे शिखरदिवसासाठी विचारा. पूर्ण मोहिमेची सरासरी सांगतील, तिचा उपयोग नाही. चार जणांमागे एक असेल, तर एकाला खाली उतरवायची वेळ आली की उरलेले तिघं आपोआप परत फिरतात.

दोर कोण लावणार? एव्हरेस्टवर सगळ्यांसाठी एकत्र दोर लावण्याची व्यवस्था असते, इथे तसं काही नाही. त्या मोसमात डोंगरावर जी एक-दोन मंडळं असतील त्यांनीच दोर लावायचा. एजन्सी किती मीटर दोर, किती स्नो स्टेक (बर्फात ठोकायच्या खुंट्या) आणि आइस स्क्रू नेणार, हे आकड्यात मागा. ‘दुसरी टीम असेलच’ असं उत्तर आलं तर समजून जा. दोर कमी पडला की खालचा सोडवून वर लावतात, आणि मग परतीला वेस्ट कोलखालच्या उतारावर दोर नसतो.

परवाना नेपाळच्या पर्यटन विभागाकडून मोहिमेच्या नावावर निघतो, त्यात सगळ्यांची नावं असतात. त्या कागदाची प्रत काठमांडूत हातात घ्या आणि आपलं नाव, पासपोर्ट क्रमांक, शिखराचं नाव तपासा. मेराचा परवाना वेगळा असतो.

हमालांकडे आम्फू लाप्चासाठी क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे काटे), बूट, गॉगल आहेत का, हेही विचारा. हा माणुसकीचा प्रश्न तर आहेच, शिवाय तुमच्या गरजेचाही. त्या खिंडीला हुंकूच्या बाजूने बर्फाच्या पायऱ्यांसारखी चढण आहे आणि पलीकडे दोरावरून उतरावं लागतं. हमाल अलीकडेच अडकले की तुमचं सामान अलीकडे आणि तुम्ही पलीकडे.

तीस दिवस कमी वाटतात. ऑक्टोबरमध्ये लुक्लाची विमानं बहुतेक करून काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, तिथवर गाडीने चार-पाच तास, आणि लुक्लाला दोन-तीन दिवस अडकणं नेहमीचं. हवामानासाठी बेस कॅम्पवर किमान पाच दिवस राखीव हवेत. तुमच्या कार्यक्रमात राखीव दिवस किती, हे मोजून बघा. ‘फ्लेक्सिबल’ लिहिलं असेल तर शून्य धरा.

गाठमार

वरच्या सगळ्याशी सहमत. मी दोराबद्दल लिहितो, कारण कोर्स झालेली मंडळी अडकतात ती तिथेच.

नेहमीचा मार्ग तोच आहे ज्याने १९५४ साली हिलरींच्या नेतृत्वाखालच्या न्यूझीलंड मोहिमेतले कॉलिन टॉड आणि जेफ हॅरो पहिल्यांदा माथ्यावर पोचले. वेस्ट कोलची चढण तीव्र, पण आखूड. खरं काम शेवटच्या सोंडेवर. तिथे कॉर्निस (धारेबाहेर लोंबणारे बर्फाचे छज्जे) असतात, आणि कॉर्निस तुटतो तो लोंबणाऱ्या भागापाशी नाही, तर त्याच्या बराच मागे, जिथे पायाखाली भक्कम बर्फ आहे असं वाटतं तिथून. एव्हरेस्टवर १९ वेळा पोचलेले छेवांग निमा शेर्पा २०१० च्या ऑक्टोबरमध्ये याच सोंडेवर दोर लावताना कॉर्निस तुटून गेले. इतक्या अनुभवी माणसाचं हे झालं, तिथे ‘मी कडेपासून दोन पावलं आत होतो’ या हिशेबाला अर्थ नाही. वाट धारेवरून नाही, धारेच्या वाऱ्याकडच्या बाजूने, बरीच खालून काढायची. ती अवघड असते, तिथे पाय वाकडे टाकत जावं लागतं, म्हणून दमलेली माणसं नकळत वर धारेकडे सरकतात.

आता हाताचं काम. हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) दोन लॅनयार्ड, म्हणजे आखूड दोऱ्या: एकावर जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड), दुसऱ्यावर सेफ्टीचा लॉकिंग कॅराबिनर (बंद होणारी कडी). जुमारचं लॅनयार्ड इतकंच लांब ठेवा की त्यावर पूर्ण लटकलात तरी हात जुमारपर्यंत पोचेल. लांब ठेवलं तर घसरल्यावर जुमार डोक्यावर, हाताबाहेर, आणि तुम्ही खाली लोंबकळत. अँकरपाशी (दोर जिथे बर्फात पक्का केलेला असतो तिथे) आधी सेफ्टी गाठीच्या वरच्या दोरात, मग जुमार काढून वर. दोन्ही एकाच वेळी दोराबाहेर, असं एकदाही होता कामा नये. हे वाचताना पोरकट वाटतं. पण सहा हजार सातशे मीटरवर, जाड मिट (हातमोजे) घालून, मागे तिघं खोळंबलेले असताना नेमकी हीच चूक होते.

दोर बर्फाने माखला की जुमारचे दात भरतात आणि तो घसरतो. जुना टूथब्रश दोरीला बांधून खिशात ठेवा. ऐकायला गमतीचं, पण याहून सोयीचं दुसरं काही नाही.

उतरताना फिगर एट (इंग्रजी 8 च्या आकाराचं, दोरावरून उतरायचं साधन) बरा. लावलेला दोर ताणलेला आणि कडक असतो, बिले प्लेटमध्ये (दोर अडवायच्या दुसऱ्या साधनात) त्याची वळी घालता येत नाही. एट हार्नेसवरून पूर्ण काढून दोर घालायला गेलात की तो हातातून निसटतो आणि मग दिसत नाही. मोठं भोक कॅराबिनरमध्ये अडकवलेलंच ठेवा, दोर त्यातून ओवून मानेवरून घ्या, मग एट उलटवून लहान भोक अडकवा. घरी पंख्याच्या हुकाला (आधी हूक तपासा!) दोर बांधून, जाड मिट घालून, डोळे मिटून पन्नास वेळा करा. मिट काढावे लागले तर सराव झालेला नाही.

मेराबद्दल माझं मत: करा, पण माथ्याचा हट्ट नको. मेराचा उपयोग ५,८०० च्या हाय कॅम्पवर एक रात्र झोपण्यासाठी आहे. माथा झाला तर छान. हवा वाईट असताना तिथेच दमून घेतलंत तर बरुंत्सेच्या वाटणीची ताकद तिथे खर्च.

हवापाणी

मेराला माझा ‘हो’ जरा जास्त ठाम आहे. मेरा गाळून थेट बेस कॅम्पला जाणाऱ्या कार्यक्रमात पहिल्यांदा ५,८०० च्या वर झोपणं होतं ते वेस्ट कोलपलीकडच्या कॅम्प १ वर, जिथून आजारी माणसाला दोरावरून उतरवावं लागतं. मेराच्या हाय कॅम्पवरून तो चालत खालच्या खारे गावाला येतो. डोकं दुखायचंच असेल तर ते मेरावर दुखू दे.

३,००० मीटरनंतर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. तुमच्या कार्यक्रमातली प्रत्येक रात्र या नियमाला लावून बघा. लुक्लाहून झत्रवा ला खिंड (४,६१० मी.) ओलांडून मेराच्या वाटेवरच्या कोठे गावाला जाणारी जवळची वाट इथेच नापास होते, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मुक्काम ४,२०० च्या वर पडतो. पांगोमवरून दक्षिणेकडून फिरून जाणारी वाट काही दिवस लांब, पण सुरुवातीला फारच बरी.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर प्रतिबंधासाठी १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढण सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि घरी दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येणं आणि लघवी जास्त होणं हे अपेक्षितच आहे.

मोहिमेच्या औषधपेटीत डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन हवंच. मेंदूला सूज आल्याची लक्षणं म्हणजे सरळ रेषेत चालता न येणं, बरळणं, सुस्ती. तेव्हा डेक्सा ८ मिग्रॅ आणि पुढे दर ६ तासांनी ४. फुप्फुसात पाणी झालं तर बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर पडतात. तिथे दीर्घ परिणामाचं निफेडिपिन ३० मिग्रॅ दर १२ तासांनी. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून समजून घ्या आणि कागदावर लिहून पेटीत ठेवा. ही औषधं उतरण्याऐवजी नाहीत, उतरता यावं म्हणून आहेत.

वर सोंडेवरचा यांनी सांगितलंच की इथे उतरायला जागा कमी आहे. म्हणून बेस कॅम्पवर ऑक्सिजनचं किमान एक सिलिंडर रेग्युलेटर-मास्कसकट, आणि हवा भरून माणसाला आत झोपवायची गॅमो बॅग. ‘ऑक्सिजन आहे’ म्हणतील, पण रेग्युलेटर त्याच सिलिंडरला बसतो का, ते काठमांडूतच जोडून बघा.

खिंडवाट

सगळ्यांचे आभार, हे पत्रकात कुठेच नव्हतं. अजून तीन शंका. विमा कसला घ्यावा? सॅटेलाइट मेसेंजर सोबत न्यावा का? आणि हे सगळं वाचून वाटतंय की त्यापेक्षा लडाखमधलं नून (७,१३५ मी.) बरं पडेल का?

सोंडेवरचा

विमा: पॉलिसीतली तीन वाक्यं शोधा. उंचीची मर्यादा किती (बऱ्याच ‘ट्रेकिंग’ पॉलिसी ६,००० ला किंवा त्याआधीच थांबतात), दोर-क्रॅम्पॉन वापरून केलेली चढाई वगळली आहे का, आणि हेलिकॉप्टर बोलावण्याआधी कंपनीची परवानगी लागते का. लागत असेल तर तो फोन नंबर आणि पॉलिसी क्रमांक काठमांडूच्या ऑफिसात, बेस कॅम्पच्या कुकजवळ आणि तुमच्या खिशात, तिन्हीकडे हवा. नंतर दिलेली पावती कंपनी नाकारू शकते.

सॅटेलाइट उपकरण भारतातून नेऊ नका. परवानगीशिवाय सॅटफोन किंवा तसला मेसेंजर बाळगणं भारतात बेकायदा आहे आणि विमानतळाच्या तपासणीत ते सापडतं. एजन्सीकडचं वापरा, आणि ते बेस कॅम्पवर राहणार की वरच्या कॅम्पवर येणार, ते विचारा. बेस आणि वरचे कॅम्प यांच्यात वॉकीटॉकी हवेतच.

नूनचा मोठा फायदा म्हणजे सुरू नदीच्या खोऱ्यातला रस्ता. त्यावरच्या टांगोल गावापासून बेस कॅम्प फार लांब नाही, आणि बेसवरून आजारी माणूस खरोखर खाली जातो, गाडीत बसतो. परवानगी भारतीय गिर्यारोहण संस्थेकडून, मोसम उन्हाळ्याचा. पहिल्या सात हजारीसाठी मी नूनच सुचवेन. पण नून सोपं समजून जाऊ नका, सोपा आहे तो रस्ता.

गाठमार

बरुंत्सेच ठरलं तर दोन गोष्टी राहिल्या.

गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, ते काठमांडूत घेतात. नुसत्या ब्युटेनचा डबा असेल तर शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही. प्रोपेन-आयसोब्युटेन मिश्रण हवं. वर बर्फ वितळवून पाणी करायला माणशी रोज १०० ते १५० ग्रॅम धरा, आणि अडकून पडायच्या दोन दिवसांचा वेगळा. गॅस संपला की पाणी संपतं, आणि पाणी संपलं की पायाची बोटं जातात.

लुक्लाच्या विमानात साधारण १५ किलोची मर्यादा असते. जादा सामान मागून येतं, कधी दोन दिवसांनी. डबल बूट (आत वेगळा उबदार बूट असलेले) मात्र मागे सोडू नका, अंगावर किंवा हातातल्या पिशवीत. बाकी सगळं काठमांडूत भाड्याने मिळतं, तुमच्या पायाला बसणारे बूट मिळतीलच असं नाही.

हवापाणी

ऑक्टोबरबद्दल एक. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं याच महिन्यात नेपाळपर्यंत बर्फ टाकतात. २०१४ च्या हुदहुद वादळाने अन्नपूर्णा-धौलागिरी भागात ४० हून अधिक माणसं गेली, त्यातली बरीच साधी ट्रेकर होती. उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की दोन-तीन दिवस हातात असतात. तेवढ्या वेळात कॅम्प २ वरून बेसला यायचं, कॅम्प २ ला ‘बघू’ म्हणत बसायचं नाही. हा अंदाज रोज कुणाकडून आणि किती वाजता येणार, तेही एजन्सीला विचारा.