प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव: रक्त गोठण्याची चाचणी खाटेशेजारीच व्हायला हवी का?

वैदेही:
प्रसूतीनंतर रक्त थांबेनासे होते तेव्हा गर्भाशय आवळत नाही म्हणून ते वाहते आहे, की रक्ताची गोठण्याची ताकदच संपत आली आहे, हे त्याच क्षणी ठरवावे लागते. पहिली गोष्ट पोटावर हात ठेवल्यावर कळते, दुसरी कळत नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर अहवाल यायला पाऊण तास ते तासभर सहज जातो, आणि तेवढ्यात आणखी रक्त गेलेले असते, त्यामुळे त्यातले आकडे हाती पडतात तेव्हा जुने झालेले असतात. रोटेम किंवा टेग हे यंत्र थोड्याशा रक्तात गुठळी कशी धरते आणि किती घट्ट होते हे आलेखावर दाखवते, आणि फायब्रिनोजेनचा, म्हणजे गुठळीचे धागे ज्यापासून बनतात त्या रक्तातल्या प्रथिनाचा, अंदाज साधारण दहा मिनिटांत देते.

बाळंतिणीत हा अंदाज फार मोलाचा आहे. गरोदरपणाच्या अखेरीस फायब्रिनोजेन लिटरला ४ ते ६ ग्रॅम असते. म्हणून एरवी चालून जाणारा २ ग्रॅमचा आकडा इथे रक्तस्राव गंभीर वळण घेणार असल्याची खूण ठरतो. उलट, दात्यांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवात, फायब्रिनोजेन लिटरला सुमारे २ ग्रॅमच असते. जिची पातळी अजून ३ च्या वर आहे तिला केवळ ठरलेल्या प्रमाणानुसार प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या तर तिचे रक्त आपणच पातळ करतो, शिवाय फुप्फुसांवर द्रवाचा भार टाकतो. जोखमीच्या प्रसूती होतात तिथे हे यंत्र असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंदार:
वैदेहीताई, प्लाझ्माबद्दलचा मुद्दा मान्य आहे, पण आपण गोष्टीची सुरुवात मधूनच केली आहे. बायका दगावतात त्या बहुतेक वेळा रक्त किती गेले हेच उशिरा लक्षात आल्यामुळे. नजरेने केलेला अंदाज नेहमी कमी निघतो. चादरीत, बोळ्यांत मुरलेले रक्त कोणी मोजत नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात, मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत रक्त गोळा केले गेले आणि ठरलेली मात्रा ओलांडताच गर्भाशय चोळणे, ते आवळणारी औषधे, धरलेली गुठळी विरघळू न देणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळे एकदमच सुरू केले गेले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ येणे किंवा त्याने मृत्यू होणे, यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले, आणि त्यात गोठण मोजणारे एकही यंत्र नव्हते. यंत्राला रोजची गुणवत्ता तपासणी लागते आणि मध्यरात्रीही आलेख वाचणारा माणूस लागतो. तो माणूस त्या घटकेला गर्भाशयावर हात ठेवून उभा असायला हवा की पडद्याकडे पाहत, याचा विचार करावा.

सुलभा:
यंत्र नसले तरी चाचणी करता येते, हे दोघांच्याही लक्षात आणून द्यावेसे वाटते. कोरड्या, स्वच्छ, साध्या काचेच्या लहान परीक्षानळीत शिरेतले २ मिलिलिटर रक्त घ्यायचे आणि ऊब राहावी म्हणून नळी मुठीत धरायची. चार मिनिटांनी ती हलकेच तिरपी करून पाहायची, मग दर मिनिटाला, नळी उलटी केली तरी रक्त जागचे हलत नाही तोपर्यंत. सात मिनिटांतही गुठळी धरली नाही, किंवा धरलेली मऊ गुठळी सहज फुटली, तर गोठण बिघडली आहे असे समजायचे. प्लास्टिकची नळी मात्र चालत नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते.

वैदेही:
सुलभाताई, काहीच नसेल तिथे ही नळी हवीच. पण ती हो किंवा नाही एवढेच सांगते, आणि ‘नाही’ म्हणेपर्यंत फायब्रिनोजेन बरेच खाली गेलेले असते. मंदार, औषधांना उशीर करा असे मी कुठेच म्हटलेले नाही. ट्रानेक्झॅमिक ॲसिड प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत आणि होईल तितके लवकर द्यायचे असते, त्यासाठी कोणत्याही आलेखाची वाट पाहायची नसते. माझा आग्रह त्यापुढच्या टप्प्याबद्दल आहे. वार वेळेआधी सुटली असेल तर बाहेर दिसणारे रक्त थोडे असूनही आतून गोठण झपाट्याने ढासळू शकते, म्हणजे अशा वेळी तुमची मापाची पिशवी फसवते. आणि २०१७ च्या एका ब्रिटिश चाचणीत, रोटेमवरील गुठळीची घट्टता १२ मिलिमीटरच्या वर असताना फायब्रिनोजेन देऊन काही लाभ झाला नाही, असे आढळले. हे न देण्याचे धैर्य मोजमापाशिवाय येत नाही.

मंदार:
वार सुटण्याचा मुद्दा मी स्वीकारतो. तिथे पिशवी अपुरी आहे. तरी वेल्समध्ये सर्व प्रसूतिकक्षांत रोटेम आले तेव्हा रक्ताचे वजन करून मोजमाप आणि जोखमीची आधी नोंद याही गोष्टी बरोबरच सुरू झाल्या, त्यामुळे तिथल्या सुधारणेचे सगळे श्रेय यंत्राला देता येत नाही. ज्या प्रसूतिकक्षात आजही रक्त तोलले जात नाही, तिथे पहिली खरेदी मापाच्या पिशव्यांचीच व्हावी, आणि रोटेमचा प्रस्ताव त्यानंतर यावा.

वैदेही:
तोलण्याबद्दल वाद नाही. मात्र जिथे रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर आहेत, तिथे दोन्ही एकाच वेळी का आणू नये, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.