रोहयोसाठी व्यवसाय कर भरला, ‘लाडकी बहीण’साठी कोणता कर भरतोय?

जमाखर्च

माझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. पहिला पगार झाला तेव्हा वडलांना तो कागद दाखवला होता. त्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, “हा रोहयोचा पैसा. याच्यावर कुरकुर करायची नाही.” ७२च्या दुष्काळात, बारा वर्षांचे असताना, त्यांनी आजीबरोबर खडी फोडली होती.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी मांडलेली रोजगार हमी योजना, म्हणजे रोहयो, राज्यभर चालवायची तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाच्या सरकारपुढेही होता. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने द्यायचं, तेवढीच भर सरकारने घालायची आणि खेड्यातल्या माणसाने हक्काने काम मागायचं. कोण देतंय आणि कोणाला मिळतंय, हे दोघांनाही माहीत होतं.

आता २०२५-२६चा अर्थसंकल्प बघा. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. म्हणजे चालू खर्चालाच ४५,८९१ कोटी कमी पडतात. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची एकूण तूट, १ लाख ३६ हजार कोटींच्या वर आहे आणि वर्षअखेरीस कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा सरकारचाच अंदाज आहे. ‘लाडकी बहीण’साठी ३६ हजार कोटी ठेवलेत. महिन्याला दीड हजाराच्या हिशोबाने वर्षाला एका महिलेचे १८ हजार, म्हणजे ही तरतूद बरोबर दोन कोटी महिलांची आहे. पण जुलै २०२५मध्ये २६ लाख नावांचे पैसे थांबवल्यावरही सव्वादोन कोटी महिला उरल्या. त्यांचे होतात ४०,५०० कोटी. निवडणुकीत कबूल केलेले २१०० द्यायचे तर ५६,७०० कोटी. वरून पावसाळी अधिवेशनात ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्याच.

योजना बंद करा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही योजना कायमची असेल, तर तिच्यासाठी कर लावा आणि तिचं नाव घेऊन लावा. आज ती कर्जावर आणि इतरांच्या थकवलेल्या पैशांवर चालली आहे, आणि ते कोणी उघड बोलत नाही.

अंगणवाडीताई, जि. बीड

दादा, हिशोब तुम्ही चांगला मांडला, पण सगळी तूट एका ओळीवर आणून ठेवलीत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज माफ आहे, ती तुमच्या यादीत नाही. पगार, पेन्शन आणि व्याज यातच राज्याच्या जमेतले निम्म्याहून जास्त पैसे जातात, तेही नाही. बाईच्या खात्यात दीड हजार आले की मगच सगळ्यांना तिजोरी आठवते का?

२०२४च्या जुलै-ऑगस्टमध्ये या योजनेचे अर्ज मी भरलेत. माझ्या वस्तीवरच्या कित्येक बायकांचं बँकखातं आधीपासून होतं, पण पासबुक नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या पेटीत. पैसे येणार म्हटल्यावर त्या पासबुक मागायला शिकल्या. एका बाईने पहिल्या तीन हप्त्यांत शिलाई मशीन घेतली, जुनंच, पण स्वतःच्या नावाने. दुसरीने मुलीच्या वसतिगृहाची अनामत भरली. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मं गाव उसाच्या फडात जातं. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते आणि फेडताना कोयता दोघांना धरावा लागतो. अशा घरात फक्त तिचे म्हणून आलेले हे पहिले पैसे आहेत.

आणि कर लावा म्हणता, तर तो जून २०२५मध्ये लागलाच आहे. विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क वाढवलं, त्यातून १४ हजार कोटी जास्त यावेत असा अंदाज सांगितला. ते पैसे कुठून येणार? ज्या घरात महिन्याला दीड हजार येतात, त्याच घरातून ते दारूच्या दुकानात जाणार. मला याचा फार त्रास होतो, हे इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पाइपलाइनवाला

वरच्या धाग्यात ‘थकवलेल्या पैशांवर’ असे दोन शब्द आहेत. ते पैसे माझे आहेत म्हणून लिहितो.

एका खात्याच्या दोन गावांच्या पाणीटाक्या मी बांधल्या. मोजमापं झाली, पुस्तिकेत नोंदी झाल्या, सह्या झाल्या. टाकीत पाणी पडतंय, लोक पितायत. बिलाचं विचारलं की एकच उत्तर, “निधी आला की निघेल.” चौदा महिने झाले. सिमेंटवाल्याला मी पोस्टडेटेड चेक दिले होते, ते वटले नाहीत. बायकोचे दागिने सोसायटीत गहाण आहेत. माझ्याकडे अकरा माणसं होती, आता तीन आहेत. ती आठ माणसं ज्या घरांतली होती, तिथेही बहिणी आहेत ना?

अर्थसंकल्पातली तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत दिसते, कारण माझं बिल त्यात धरलेलंच नाही. देणं झालंय पण दिलेलं नाही, त्याला हिशोबात जागाच नाही. सरकार बँकेकडून उसने घेतं तेव्हा त्याची नोंद होते आणि व्याजही पडतं. माझ्याकडून घेतलेलं बिनव्याजी आहे आणि बिननोंदीचंही.

विभाज्य_निधी

धागाकर्त्याचा मुद्दा नैतिकदृष्ट्या पटतो, पण आकड्यांत तो उभा राहत नाही. व्यवसाय कराला संविधानाच्या कलम २७६ची मर्यादा आहे, माणशी वर्षाला २५०० रुपये. ही मर्यादा १९८८ साली २५० वरून २५०० केली, त्यानंतर बदललेली नाही. ३६ हजार कोटी भागिले २५०० करून पाहा. १४ कोटी ४० लाख माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या तान्ह्या मुलांसकट ११ कोटी २४ लाख होती.

जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात उरलंय काय? दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि हा व्यवसाय कर. जीएसटीची नुकसानभरपाई जून २०२२ला संपली. केंद्राच्या विभाज्य निधीतला, म्हणजे राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या करांतला, ४१ टक्के वाटा राज्यांचा, त्यात २०२५-२६पर्यंत महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. त्यातही उपकर आणि अधिभार त्या निधीत येतच नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात पदरात पडतं ते ४१ पेक्षा कमी. सोळाव्या वित्त आयोगापुढे राज्याने हा वाटा ५० टक्के करा असं मांडलं होतं, ते योग्यच होतं.

आणि ‘राज्य बुडालं’ हा सूर मला मान्य नाही. २०२५-२६च्या अंदाजात आपलं कर्ज राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आसपास आहे, पंजाबचं ४० टक्क्यांच्या वर. गरिबाच्या हातात पैसा दिला की तो गावातल्याच दुकानात खर्च होतो. थोडं कर्ज काढून तो दिला तर आभाळ कोसळत नाही.

खर्डेघाशी

पेन्शनचा उल्लेख झाला म्हणून दोन ओळी. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च २०२३च्या संपात मीही होतो. पेन्शन ही खिरापत नाही, तीस वर्षं केलेल्या कामाचा लांबवलेला पगार आहे. ‘लाडकी बहीण’ आणि पेन्शन एका पारड्यात घालू नका. आमच्या कचेरीत मंजूर जागांपैकी कितीतरी रिकाम्या आहेत आणि दोन टेबलांचं काम मी करतो. तीही बचतच आहे, पण ती अर्थसंकल्पाच्या भाषणात येत नाही.

जमाखर्च

@विभाज्य_निधी, व्यवसाय कराचं गणित मान्य. त्या कराने हे भागणार नाही. मी तो फक्त उदाहरण म्हणून घेतला होता, पण शीर्षकामुळे तसा अर्थ निघतो, ही चूक माझी. मात्र १९ टक्क्यांच्या आकड्यावर मी तुमच्याइतका निर्धास्त नाही. पाइपलाइनवाल्यांनी वर लिहिलंय ते वाचा. त्यांचं बिल त्या १९ टक्क्यांत कुठे आहे? पंजाबही एका वर्षात तिथे पोचला नाही. केंद्राने पाच टक्के जास्त दिले, तरी महसुली तूट भरून काढायची की नवी घोषणा करायची, हे मुंबईतच ठरणार. आणि कर्ज धरण बांधायला काढलं तर पुढच्या पिढीला धरण मिळतं. महसुली तुटीसाठी काढलं तर तिच्या वाट्याला नुसतं व्याज येतं. व्याजापोटी एकट्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पातच ६५ हजार कोटींच्या आसपास धरलेत.

@अंगणवाडीताई, पासबुकाचं तुम्ही लिहिलंत ते मला माहीत नव्हतं. पण ताई, मे २०२५मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे सुमारे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचं म्हणणं असं की त्या प्रवर्गातल्या महिलांसाठीच ते वापरले. तरी तुम्ही ज्या मुलीच्या वसतिगृहाचं लिहिलंत, तसली वसतिगृहं याच विभागांच्या पैशांवर चालतात. आईच्या खात्यात घालायचे आणि मुलीच्या वसतिगृहातून काढायचे, असं झालं तर?

विभाज्य_निधी

रोहयोबद्दलही थोडं. त्या नावाने जमा झालेला सगळा पैसा रोहयोवर खर्च होत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षं होत आली आहे. कराला नाव दिलं की पैसा तिथेच जातो, हा तुमचा विश्वास मला भाबडा वाटतो.

जमाखर्च

नाव होतं म्हणून तर तक्रार करता आली. आज मद्याच्या १४ हजार कोटींचं काय झालं हे विचारायला कुठली ओळ आहे?

अंगणवाडीताई, जि. बीड

वसतिगृहाचं तुम्ही विचारलंत त्यावर काल रात्री विचार केला. उत्तर नाही माझ्याकडे. बचतगटाच्या बैठकीत मी हा प्रश्न ठेवला. बायका म्हणाल्या, २१०० नकोत, १५०० राहू द्या, पण दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या आणि मधेच नाव काढू नका. एक म्हातारी म्हणाली, आमच्यापायी कोणाचं घामाचं बिल अडकलंय हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

पाइपलाइनवाले दादा, तुमच्या टाकीचं पाणी ज्या गावात जातं, तिथल्या बायकांना तुमचं बिल अडकलंय हे माहीत आहे का? सांगून बघा. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांनीच ठराव घेतला, तर निदान कागदावर तरी येईल.

पाइपलाइनवाला

सांगितलं नव्हतं ताई, लाज वाटत होती. सरपंचांना आज फोन केला. पंधरा तारखेच्या विषयपत्रिकेत घेतो म्हणालेत.