टेक्सास बार्बेक्यू रोड ट्रिप: शनिवारचा क्रम ठरवायला मदत हवी आहे

मंडळी, ऑस्टिनहून निघून मोठे हायवे टाळत बार्बेक्यूची गावं करायची आहेत. चौघे जण, त्यातले दोघे बीफ खात नाहीत.

लेक्सिंग्टन गावातलं स्नोज हे बार्बेक्यूचं हॉटेल फक्त शनिवारी उघडतं, सकाळी ८ला, म्हणून सुरुवात तिथूनच. मग एफएम ११२ या गावाकडच्या रस्त्याने टेलर, ९५ने एल्गिन आणि बॅस्ट्रॉप, पुढे २० नंबरच्या रस्त्याने लॉकहार्ट. अडचण अशी, की ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा भाग) रात्रभर पोस्ट ओक या लाकडाच्या धुरावर शिजतं. संपलं की त्या दिवशी नवीन येत नाही. लॉकहार्टला पोचेपर्यंत दुपार टळलेली असेल. तेव्हा तिथे काय उरतं? की लॉकहार्ट आणि त्याच्या जवळचं लूलिंग वेगळ्या दिवशी करावं? रविवार नको, लूलिंगचं सिटी मार्केट हे बार्बेक्यूचं हॉटेल बंद असतं.

बीफ खाणाऱ्या दोघांत दर थांब्याला अर्धा पाउंड पुरे ना? चरबीचा 'मॉइस्ट' भागच घेणार. कमी चरबीचा 'लीन' भाग कापल्यावर लगेच कोरडं पडतं. उरलेल्यासाठी बर्फाचा कूलर आहे, ९० फॅरनहाइटच्या वर मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: टर्की आणि पोर्क रिब्ज बहुतेक ठिकाणी बीफच्याच पाटावर, त्याच सुरीने कापतात. सांगितलं तर पाट-सुरी बदलतात का? सॉसेज आणि बीन्समध्ये बीफ नाही अशी जागा कोणती? कृपया हल्ली जाऊन आलेल्यांनीच सांगा.