अफगाण मुलींच्या शाळा पुन्हा पुन्हा का बंद पडतात? रूढी, युद्ध की राजवट?

प्रश्न : वाचनवेडी

नमस्कार. आमच्या वाचनमंडळात अफगाणिस्तानातील स्त्रीशिक्षणावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले, २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्या माध्यमिक शाळा उघडून काही तासांतच बंद करण्यात आल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विद्यापीठांची दारेही मिटली, इथपर्यंतचा घटनाक्रम मला माहीत आहे. माझी अडचण कारणांची आहे. पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी ‘तो समाजच तसा आहे’ असे म्हणून विषय निकालात काढला, तर दुसऱ्यांनी सगळे खापर रशिया आणि अमेरिकेवर फोडले. मला ही दोन्ही उत्तरे फार सोयीची वाटतात. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : जुनी_बखर

‘समाजच तसा आहे’ हे विधान इतिहासात टिकत नाही. काबूलमध्ये मुलींची पहिली सरकारी शाळा १९२१ साली, राजा अमानुल्ला आणि राणी सुरैया यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि १९२८ मध्ये काही मुलींना शिक्षणासाठी तुर्कस्तानला पाठवण्यातही आले. मात्र याच राजाने त्याच वर्षांत कर वाढवले, सक्तीची सैन्यभरती लादली, टोळीप्रमुखांचे अधिकार कापले आणि पेहरावाचेही फर्मान काढले. युरोप दौऱ्यात काढलेली राणीची बुरख्याविना छायाचित्रे विरोधकांनी गावोगाव फिरवली. १९२८ च्या अखेरीस बंड पेटले, जानेवारी १९२९ मध्ये राजाने गादी सोडली आणि नव्या सत्ताधीशाने मुलींच्या शाळा बंद केल्या. (परागंदा झालेले हे कुटुंब काही काळ मुंबईत होते. तिथे जन्मलेल्या मुलीचे नाव त्यांनी ‘इंडिया’ ठेवले.)

काही वर्षांत मुलींच्या शाळा पुन्हा सुरू झाल्या. पुढची चाळीसएक वर्षे कामाची गती संथ होती, पण शाळा टिकल्या. १९६४ च्या राज्यघटनेच्या मसुद्यावर स्त्रियांनीही काम केले आणि १९६५ मध्ये कुब्रा नूरझाई आरोग्यमंत्री झाल्या. हे सारे बव्हंशी शहरांपुरते होते, हे मान्य करावेच लागेल. मग १९७८ च्या क्रांतीनंतर साम्यवादी सरकारने वधूमूल्यावर (वराकडून वधूपक्षाला दिल्या जाणाऱ्या रकमेवर) मर्यादा आणि विवाहाचे किमान वय यांचे फर्मान काढले आणि खेड्यापाड्यांत बायाबापड्यांना साक्षरता वर्गांना बसवण्याची सक्ती आरंभली. कायदे कागदावर वाईट नव्हतेच, पण ते राबवायला येणारा माणूस त्याच गावातल्या मौलवीला आणि जमीनदाराला अटक करणारा होता. मार्च १९७९ मध्ये हेरात शहर उठले, डिसेंबरात सोव्हिएत फौजा आल्या आणि मुलींची शाळा ही परक्या सैन्याची खूण ठरली. माझ्या मते खरे दुखणे इथे आहे : या देशात शाळा प्रत्येक वेळी कर वसूल करणाऱ्याच्या आणि शिपायाच्या बरोबरीने गावात शिरली, आणि त्यांच्यावरचा राग तिला भोगावा लागला.

प्रतिसाद २ : सडेतोड

वरील माहिती अचूक आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. अशा मांडणीत शाळा उघडणारा आरोपी होतो आणि ती बंद करणारा केवळ चिडलेला गावकरी ठरतो. तालिबान म्हणजे गावाचा राग नव्हे. सोव्हिएत युद्धात लाखो अफगाण पाकिस्तानातील छावण्यांत गेले, तिथे पैसा आणि शस्त्रे बाहेरून आली आणि घरापासून तुटलेल्या मुलांची एक पिढी मदरशांत वाढली. त्यांच्यातून उभी राहिलेली ही संघटना आहे. १९९६ मध्ये तिने काबूल घेतले, तेव्हा शहरातील शाळांत शिकवणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. त्या एका फटक्यात घरी बसल्या आणि त्यामुळे मुलग्यांच्या शाळाही कोलमडल्या.

समाजाला काय हवे होते ते हेरातमध्ये पाहावे. ‘सोनेरी सुई’ नावाचा शिवणवर्ग तिथे चाले. बुरख्यातील स्त्रिया पिशवीत कापड आणि कात्री घेऊन येत, कापडाखाली वही असे आणि आत विद्यापीठातले प्राध्यापक साहित्य शिकवत. बाहेर मुले खेळत असत. धार्मिक पोलीस गल्लीत दिसला की ती आत वर्दी देत आणि वह्या जाऊन सुया हातात येत. अफगाण शिक्षणकार्यकर्त्या सकीना याकूबी यांच्या संस्थेने त्याच काळात अशा ८० गुप्त शाळांना आधार दिला. पालकांची साथ नसती, तर यांतली एकही शाळा आठवडाभर तगली नसती.

युनेस्कोच्या आकड्यांनुसार २००१ मध्ये प्राथमिक शाळांत मुली जवळजवळ नव्हत्याच, २०१८ मध्ये त्या २५ लाख होत्या. उच्च शिक्षणातील मुली सुमारे ५,००० वरून एक लाखाच्या वर गेल्या. या काळात शाळांवर बाँब पडत होते, अनेक शाळांना कुंपणभिंत नव्हती, शिक्षिका अपुऱ्या होत्या, निधी मधल्यामध्ये खाल्ला जात होता. अमेरिकेने शाळांचा उपयोग युद्धाच्या जाहिरातीसाठी केला, हेही खरे. तरी आईबाप मुलींना पाठवत राहिले. आजची बंदी कंदाहारमधून, तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा आणि त्यांच्या निकटच्या वर्तुळातून येते. उपपरराष्ट्रमंत्री असलेल्या अब्बास स्तानिकझाई यांनी जानेवारी २०२५ मध्ये या बंदीला कसलाही आधार नाही असे जाहीरपणे म्हटले आणि लवकरच त्यांना देश सोडावा लागला.

प्रतिसाद ३ : निवृत्त_शिक्षिका

पुण्यात अनेक वर्षे अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत. त्यांतील काही मुलींना मी इंग्रजी शिकवत असे आणि त्यांच्यामार्फत आता काबूलमधील काही मुलींना आठवड्यातून दोनदा इंटरनेटवरून शिकवते. वर्गाची वेळ विजेवर ठरते. कॅमेरे बंद असतात, नावांऐवजी पडद्यावर फक्त अक्षरे दिसतात आणि मध्येच कुणी काही न सांगता निघून गेली तर कारण विचारायचे नाही, असा आमचा अलिखित नियम आहे.

बंदीचे तपशील तिथल्या जगण्यात शिरल्यावरच कळतात. मुलींना सहावीपर्यंतच शिकता येते, म्हणून काही जणी जाणूनबुजून पुन्हा सहावीत बसतात, कारण घरी बसण्यापेक्षा तीच पुस्तके दुसऱ्यांदा वाचणे बरे वाटते. मदरशात मात्र कोणत्याही वयाची मुलगी जाऊ शकते, त्यामुळे काहींनी तो मार्ग धरला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणींचे अभ्यासक्रमही बंद केले. ज्या देशात अनेक ठिकाणी बाईने पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे अशक्य आहे, तिथे दहा वर्षांनी बाळंतपणे कोण करणार, याचे उत्तर ही बंदी घालणाऱ्यांनी दिलेले नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे तेच शिक्षण शेवटच्या सत्रात तुटले. आता ती शेजारच्या लहान मुलींना अंकगणित शिकवते.

वाचनवेडी

सर्वांचे मनापासून आभार. सडेतोड, एक शंका उरते. समाजाला शाळा हव्या असतील, तर २०२१ नंतर मोठा उठाव का झाला नाही?

सडेतोड

ताई, चाळीस वर्षे युद्ध भोगलेल्या लोकांकडून आणखी एका युद्धाची अपेक्षा करणे मला बरोबर वाटत नाही. प्रतिकार झाला, आणि तो प्रामुख्याने स्त्रियांनी केला. ‘नान, कार, आझादी’, म्हणजे भाकरी, काम आणि स्वातंत्र्य, ही घोषणा देत त्या काबूलच्या रस्त्यावर उतरल्या तेव्हा हवेत गोळीबार झाला आणि अनेकींना रात्री घरातून उचलून नेण्यात आले. खेड्यापाड्यांत फिरून मुलींच्या शाळांसाठी बोलणारे मतीउल्लाह वेसा हे पश्तून, कंदाहार भागातलेच, म्हणजे ‘तो समाज’ ज्यांच्याकडे बोट दाखवून म्हटले जाते त्यांच्यापैकी. त्यांना मार्च २०२३ मध्ये अटक झाली आणि ते ऑक्टोबरात सुटले. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ८ जुलै २०२५ रोजी अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढले. मात्र त्याच्या काही दिवस आधीच रशियाने या राजवटीला अधिकृत मान्यता दिली होती. तुमच्या ज्येष्ठ सभासदांना वेसांबद्दल अवश्य सांगा. ‘जुनी बखर’ यांच्याशी माझा वाद कायम आहे, पण १९२९ चा त्यांचा तपशील भाषणात घ्याच.