घरचा केक : कुणासाठी केलात, कुणी तुमच्यासाठी केला?

मांडवीकाठ
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन दिसला, झाकणाला मधोमध काच असलेला. अजून मिळतो! दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता, तोवर मी नुसती झाकण उघडून बघत राहिले.

आमच्याकडे माझ्या आणि दादाच्या वाढदिवसाचा केक तसल्याच ओव्हनमध्ये व्हायचा. लोणी-साखर फेसायचं काम आम्हा भावंडांचं. आई मधूनमधून येऊन मिश्रण दोन बोटांत चोळून बघायची. साखर कचकचली की "अजून" एवढंच म्हणून परत पोळ्यांकडे. पांढरं आणि हलकं झालं की मगच अंडी, तीही एकेक करून. शेजारच्या आंटीकडून तिने हे शिकून घेतलं होतं. फेसताना जी हवा कोंडली जाते तीच पुढे केक फुगवते, बेकिंग पावडर नुसती मदतीला, हे मला फार उशिरा कळलं. आई मात्र हाताच्या अंदाजानेच अडून बसायची.

मग काचेसमोर ठाण मांडायचं. कडा आधी घट्ट व्हायच्या, मधलं पीठ मागाहून वर यायचं आणि माथ्यावर भेग पडायची. दादाला त्या भेगेजवळचा कुरकुरीत तुकडा लागायचा, मला तळाचा, जरा करपटसर. आई न विचारता तसेच कापून द्यायची.

विकतचा केक मीही आणते. पण कुणाला कडा आवडते, कुणाला दाताखाली मनुका आलेली खपत नाही, हे घरच्या माणसालाच ठाऊक असतं आणि मला त्याचंच मोल वाटतं. नाताळ तोंडावर आलाय. लिहा तुमचे अनुभव, वाढदिवसाचे, नाताळचे, गणेश चवथीचे, कसलेही.

कुळागरातली
तळाचा करपटसर तुकडा!!! मी तुमच्याच पक्षाची. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता दारात मासे आलेत.

फोंड्याची सून
सासूबाईंना अंडं चालत नाही, त्यामुळे केकच्या वेळी त्या नेहमी बाजूला बसायच्या, "तुम्ही खा" म्हणत. त्यांच्या पंचाहत्तरीला ठरवलं, की हा केक त्यांनी खायचाच. अर्धा डबा मिल्कमेड (२०० ग्रॅम), १४० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम वितळलेलं बटर, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, व्हॅनिला आणि लागेल तसं पाणी. १८० अंशांवर अर्धा तास. वर नुसती पिठीसाखर भुरभुरली.

त्या जेवताना काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माहेरी फोनवर सांगत होत्या, "आमच्या सुनेने केला, बिनअंड्याचा, माझ्यासाठी म्हणून." मी खोलीबाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते.

तिस्क
प्रमाण उतरवून घेतलं. सोडा घातल्यावर पीठ ठेवायचं नाही ना?

फोंड्याची सून
अजिबात नाही. ओव्हन आधी तापवून ठेव, पीठ झालं की लगेच आत.

खाणपट्टा
आमचा खाणीवर चालणारा ट्रक होता. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि तो दारात उभा राहिला. हप्ते चालूच होते. धाकट्या भावाचा वाढदिवस दिवाळीच्या आसपास असतो. तोवर दरवर्षी बाबा डिचोलीहून केक आणायचे, खोका शेजारच्या सीटवर ठेवून, हळू चालवत. त्या वर्षी आईने सकाळीच जाहीर केलं, केक घरीच होणार.

ओव्हन नाही, बीटर नाही. तिने कुकरचं रबर आणि शिटी काढली, तळाला जाड मीठ पसरलं, त्यावर वाटी पालथी घातली आणि वर पिठाचा डबा. झाकण लावून मंद आचेवर पाऊण तास. अंडी आमच्याच कोंबड्यांची, त्यामुळे आतून पिवळाधम्मक झाला. क्रीम नव्हतंच. ओला नारळ खवून साखरेत परतला आणि तो वर पसरला. भावाने पहिला तुकडा खाल्ला आणि विचारलं, "उद्या पण करूया?" बाबा त्या दिवसात फारसं बोलत नसत. त्यांनी ताटली पुढे करून आणखी मागितला.

ते मीठ आईने टाकलं नाही. बरणीत भरून वर चिठ्ठी चिकटवली, "केकचं मीठ". वापरून वापरून ते आता करडं झालंय. पुढे वाड्यावरच्या मुलांचे वाढदिवस तिच्याकडे यायला लागले, मग शाळेतल्या बाईंची ऑर्डर, मग साखरपुडे. खाणीचं काम सुटलं तेव्हा घर बऱ्याच अंशी त्या कुकरवर चाललं. आज तिच्याकडे मोठा इलेक्ट्रिक ओव्हन आहे, पण भावाचा केक अजून कुकरमध्येच होतो. तो आता नोकरीला बेंगळुरूला असतो, आणि वाढदिवसाला रजा टाकून येतो.

मांडवीकाठ
वाचून भरून आलं रे. आईला माझा नमस्कार सांग.

मडगावची मावशी
माझाही सांग बाळा. आणि ट्रकवाल्या घरांनी ती वर्षं कशी काढली ते आम्ही कुडचड्याला पाहिलंय. भावाच्या बायकोने तेव्हा खानावळ काढली, ती अजून चालू आहे. तिची सोलकढी पिऊन बघा कधी.

केकचं म्हणाल तर माझा मुलगा बोटीवर. नाताळात तो कधीच घरी नसतो, म्हणून त्याचा केक त्याच्याबरोबर जातो. मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल, काजू, सगळं बारीक चिरून पावसाळ्यातच रममध्ये भिजत घालते. काळा रंग हवा तर साखर जाळायची, पार तांबूस-काळी होऊन धूर सुटेपर्यंत, आणि मग बाजूला उभं राहून त्यात गरम पाणी. फ्रूटकेक मुरतो, दर आठवड्याला चव वाढते. बटरपेपर, वर फॉइल, मग पत्र्याचा डबा. गेल्या खेपेला त्याच्या केबिनमधल्या फिलिपिनो मित्राने डब्याचा फोटो पाठवला होता, रिकाम्या डब्याचा. आता त्या मुलासाठीही वेगळा करते.

तिस्क
मावशी, आमच्याकडे रम चालणार नाही. संत्र्याच्या रसात चालेल का?

मडगावची मावशी
चालेल गो. पण फ्रिजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत वापर. रममुळे टिकतं ते रसात टिकत नाही. केकही आठवडाभरात संपवायचा.

तिस्क
संपायची काळजी नाही, घरात तीन मुलगे आहेत :)

हळदोण्याचा
केकच्या धाग्यावर बिबिंक चालेल ना? आमच्या शेजारच्या आंटी नाताळच्या आधी अंगणात बिबिंकला बसायच्या. बसायच्याच म्हणायला हवं, कारण उठता येत नाही. नारळाचा रस, अंड्यातलं पिवळं, साखर, थोडा मैदा, जायफळ. एक पळी पीठ ओतायचं, वरून निखाऱ्यांचं झाकण. तो थर तांबूस झाला की तुपाचा हात, मग पुढची पळी. खाली आच जवळजवळ नाहीच, सगळी वरून. असे निदान सात थर. आम्ही पोरं जाळायला नारळाची सोडणं आणून द्यायचो आणि थर मोजायचो. निखारा विझत आला की आंटी पुठ्ठ्याने वारा घालायच्या, पण राख उडू नये म्हणून तोंड फिरवून, अगदी हलक्या हाताने.

नाताळचं ताट आमच्या घरी यायचं तेव्हा त्यात आजीच्या वाट्याचा दोदोल (गूळ-नारळाचा हलवा) जास्त असायचा, कारण त्यात अंडं नसतं आणि आजी अंडं खात नाही हे आंटींना माहीत. चवथीला आमच्या नेवऱ्या (करंज्या) त्यांच्याकडे जायच्या. आजी गेली त्या नाताळलाही दोदोल तेवढाच आला. आईने काही न बोलता तो देवासमोर ठेवला.

२०२३ मध्ये बिबिंकला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा मी आंटींना फोन केला. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता सरकार थर मोजणार?" आणि खूप हसल्या. नव्वदीला आल्यात. यंदा त्यांच्या सुनेने ओव्हनमध्ये वरचा ग्रिल लावून केला. आंटींनी चाखून "बरो जाला" म्हटलं म्हणजे झालाच बरा.

पणजी ते पर्वरी
आज मांडवी पुलावर भयंकर ट्रॅफिक. बसमध्ये बसून हा धागा वाचतेय आणि पोटात कावळे ओरडताहेत.

कुळागरातली
आले. मुलं झोपली.

माझा वाढदिवस श्रावणात, आणि आमचा श्रावण कडक. त्यामुळे माझा केक म्हणजे आईची तवसळी. कुळागरातलं, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेतलं, जून झालेलं पिवळं तवसं (काकडी), किसून. एक वाटी भाजलेला रवा, दीड वाटी कीस, वाटीभर माडाचा काळा गूळ, ओलं खोबरं, काजू, वेलची. पाण्याचा थेंब घालायचा नाही, तवशाला सुटतं तेवढंच पुरतं. टोपात खाली हळदीची पानं, वर पीठ, वर पुन्हा पान. चुलीवर मंद आच, झाकणावर निखारे. पानाची शीर तवसळीच्या पाठीवर उमटते. आई त्या शिरेवरून सुरी चालवायची, म्हणजे वड्या सरळ पडतात.

लग्नानंतर पहिल्या श्रावणात आईने बसच्या कंडक्टरकडे टोप दिला होता, काणकोणहून फोंड्यापर्यंत. टोप अजून कोमट होता. कंडक्टरलाही दोन वड्या बांधून दिल्या होत्या तिने, हे त्यानेच सांगितलं.

मांडवीकाठ
माडाचा गूळ! त्याशिवाय तो रंग येत नाही. काणकोणच्या कंडक्टरांना मानलं.

शेळपे
माझ्या लेकीचा वाढदिवस मे महिन्यात. उकाडा आणि दमट हवा, व्हिप्ड क्रीम पंख्याखालीसुद्धा ओघळतं. म्हणून आम्ही क्रीमच्या वाटेला जात नाही. मानकुराद आंब्याचा रस आणि रवा, थोडं दही, तूप, साखर. रवा फुगायला अर्धा तास ठेवायचा. वर कापलेल्या फोडी, त्याही केक कापायच्या आधी दहा मिनिटं. लेक विचारते, सगळ्यांच्या केकला फूल असतं, माझ्या केकला आंबा का? तर तिला सांगितलंय, तुझ्या वेळी परसातला आंबा पिकला होता.

खाणपट्टा
हे आईला वाचून दाखवलं. तिने विचारलंय, रस किती आणि रवा किती?

शेळपे
दोन वाट्या रवा, दीड वाटी रस. मानकुराद पातळ असेल तर रस जरा आटवून. आईंना सांगा, कुकरमध्ये छान होतो.

हळदोण्याचा
एक विचारायचं होतं. नाताळची बात (रवा-खोबऱ्याचा केक) कुणी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत भाजून घेतं का अजून? आमच्या गावातली भट्टी आता गॅसवर गेली.

मडगावची मावशी
आमच्या वाड्यावरची अजून लाकडावर आहे. संध्याकाळचे पाव, उंडे-पोळी, बाहेर आले की भट्टीत ऊब उरते, तेव्हा पत्रे आत जातात. आधी सांगून ठेवावं लागतं, नाताळच्या आदल्या चार दिवसांत रांग असते. पत्रा आपला, आणि ओळखीला त्याला काहीतरी बांधायचं, दोरा, फडकं. सगळ्यांचे सारखेच दिसतात.

कुळागरातली
बातीचा रवा तुम्ही रात्रभर ठेवता ना?

मडगावची मावशी
रात्रभरच. खोबरं-रवा-अंडी फेटून झाकून ठेवायचं. सकाळी घट्ट झालेलं दिसतं, घाबरायचं नाही, नारळाच्या रसाने सैल करायचं.

हळदोण्याचा
मावशी, बाविसावर माझा एक पत्रा घ्याल का? मी मडगावला कामाला येतोच.

मडगावची मावशी
ये रे. नारळ खवलेले आण, अंडी आणि रवा माझ्याकडे आहे. पत्र्याला निळा दोरा बांध, तांबडा माझा असतो.

तिस्क
मीही येऊ?

मडगावची मावशी
ये गो, मुलग्यांना घेऊन. नारळ खवायला हात हवेतच.