मनगट नुसते मुरगळले आहे की हाड सरकले आहे? लहान भावाच्या हाताबद्दल सल्ला हवा

प्रश्न : शेतकरी, वर्धा जिल्हा

ट्रॉलीत कापूस भरताना माझा लहान भाऊ वरून घसरला आणि उजव्या तळहातावर पडला, त्याला आज अकरावा दिवस आहे. गावातील हाडवैद्याने तेल चोळून बांबूच्या कामट्या बांधल्या. नंतर तालुक्याला समोरून एकच एक्स-रे काढला, तेव्हा हाड मोडलेले नाही, मुरगळ आहे, असे सांगण्यात आले. परंतु सूज उतरलेली नाही, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना सतत मुंग्या येतात, रात्री तो हात झटकत उठून बसतो आणि सदऱ्याची गुंडीही त्याला लावता येत नाही. वेचणीचे दिवस आहेत. आणखी वाट पाहावी काय?

उत्तर १ : अस्थिरोग शल्यचिकित्सक (निवृत्त)

भाऊ, वाट पाहू नका. मनगटात दोन रांगांत आठ लहान हाडे असतात आणि मधल्या चंद्रकोरीसारख्या हाडाला ल्युनेट म्हणतात. उंचावरून तळहातावर पडल्यावर मनगट मागे दुमडते आणि ल्युनेटला धरून ठेवणारे अस्थिबंध एकामागून एक तुटत जातात. मग बाकीची हाडे मागे सरकतात किंवा ल्युनेटच तळहाताकडे कलंडते. समोरच्या फिल्ममध्ये हाडे एकमेकांवर आलेली दिसतात, त्यामुळे सरावलेली नजर नसेल तर ही इजा सुटून जाते. पहिल्या तपासणीत सुमारे 25 टक्के रुग्णांमध्ये ती ओळखली जात नाही, याचे मला नोकरीभर वाईट वाटत आले. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये मात्र ल्युनेट कलंडलेल्या कपासारखे स्पष्ट दिसते.

करंगळी ठीक असून अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर असेल, तर मनगटातून जाणारी मीडियन नस दबलेली असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि ती जितकी जास्त काळ दबून राहील तितकी तिची हानी वाढते. कामट्या आजच सोडा, चोळणे बंद करा, बोटात अंगठी असल्यास काढा आणि हात छातीच्या उंचीवर ठेवा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये अस्थिरोग विभाग आहे, तेथे उद्याच न्या. भूल देऊन बोटे ताणून हाड जागेवर बसवतात, पण तेवढ्याने ते टिकत नाही. बहुधा शस्त्रक्रिया करून अस्थिबंध शिवावे लागतात आणि हाडे तारांनी धरून ठेवावी लागतात. तारा साधारण दोन महिने राहतात, त्यानंतर व्यायाम.

उत्तर २ : संत्रा बागायतदार, अमरावती जिल्हा

दादा, मी संत्र्याच्या झाडावरून पडलो होतो आणि मुरगळ समजून दोन महिने काढले. तोवर हाड जागेवर बसवणे शक्य राहिले नव्हते, म्हणून मनगटाच्या पहिल्या रांगेतील तीन हाडे काढावी लागली. दुखणे गेले, परंतु मनगट पूर्वीच्या निम्मेच वाकते आणि गाईची धार काढताना पकड सुटते. जुनी फिल्म, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या, व महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल तेथील आरोग्यमित्राला भरतीच्या वेळीच विचारा. मी उशिरा विचारले म्हणून खूप फेऱ्या झाल्या.

प्रश्नकर्ता

डॉक्टरसाहेब, आपण सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. बाजूची फिल्म उजेडात धरल्यावर अर्धचंद्र तळहाताकडे उलटलेला मलासुद्धा दिसला. परवा शस्त्रक्रिया झाली, नसेवरचा दाबही मोकळा केला. अंगठ्याच्या मुंग्या थांबल्या आहेत, मधल्या बोटाचे टोक अजून बधिर आहे. वेचणी चुलतभावाने अंगावर घेतली असून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भाऊ प्लास्टरबाहेरची बोटे दर तासाला मोजून मिटतो आणि उघडतो.