शब्दचर्चा: जेरबंद, चतुर्भुज, गजाआड... जुन्या मथळ्यांतले चोर-पोलीस

मंडळी, घरातलं जुनं फडताळ रिकामं करताना तळाशी अंथरलेले पेपर निघाले, सत्तरच्या दशकातले, पिवळे पडलेले, कडा हाताला लागली की चुरा होतोय असे, मग आवराआवर राहिली बाजूला आणि मी तिथंच फतकल मारून चोऱ्यामाऱ्यांच्या बातम्या वाचत बसलो. बातम्या काय, त्याच, सायकल गेली, तिजोरी फोडली, कुणीतरी लाच घेतली. पण मथळे काय बहारदार! यातले बरेच शब्द आजही पेपरात येतात पण आपण नुसते डोळ्यांखालून घालतो, थांबून बघतच नाही.

पहिला मान जेरबंदला. चोर जेरबंद, टोळी जेरबंद, आणि हल्ली तर 'बिबट्या जेरबंद' दर चार दिवसांनी. जेरबंद ही मूळची घोड्याच्या साजातली वस्तू आहे. फारसीत जेर म्हणजे खाली आणि बंद म्हणजे पट्टा, घोड्याच्या पोटपट्ट्यापासून निघून पुढच्या दोन पायांमधून वर तोंडाकडे जातो तो पट्टा, त्यामुळे घोड्याला मान वर उडवता येत नाही. 'जेरीस आणणे' मधला जेर हाच. आणि त्याच्या उलट जबर म्हणजे वर, ज्याचा हात वर तो जबरदस्त. आता हे एकदा कळल्यावर 'बिबट्या जेरबंद' वाचलं की मला बिबट्याला घोड्याचा साज चढवून वनखात्याची माणसं गावातून मिरवत आणतायत असंच दिसतं, काय करू!

गजाआड हा खास शाळकरी पोरांचा शब्द. खिडकीचा लोखंडी गज माहीत व्हायच्या आधी गजानन, गजमुख हे पाठ झालेलं असतं, त्यामुळे 'दरोडेखोर गजाआड' म्हणजे दरोडेखोर हत्तीच्या मागे लपलाय आणि पोलीस शोधतायत, म्हणजे बातमीचा अर्थच उलटा.

चतुर्भुज तर माझा सगळ्यात लाडका. 'लाचखोर कारकून चतुर्भुज'. चार हात विष्णूचे, आणि मराठीत लग्न झालं की माणूस चतुर्भुज होतो, दोनाचे चार हात. आणि बेड्या पडल्या तरी चतुर्भुजच! एकाच शब्दात देव, नवरदेव आणि आरोपी, हे इतक्या प्रेमानं दुसऱ्या कुठल्या भाषेत जमलं असेल असं मला वाटत नाही.

आता हे शब्द मथळ्यातच का जगले? माझ्या मते त्याचं मोठं कारण छापखान्यात आहे. तेव्हा अक्षरं म्हणजे शिशाचे खिळे, जुळारी एकेक खिळा हातानं उचलून ओळ जुळवायचा. एक कॉलम रुंदीची बातमी, त्यावर मोठा टाइप, ओळीत मावणार किती तर मोजकी अक्षरं. 'पोलिसांनी अटक केली' कुठं बसवायचं? जेरबंद चार अक्षरं, गजाआड चार अक्षरं, जोडाक्षर एकही नाही, आणि शेवटी क्रियापद लागतच नाही. 'चोर गजाआड' इथंच बातमी पुरी. याउलट टिळकांच्या केसरीतले जुलै १८९७ चे मथळे बघा, रँडवर गोळी झाडली गेली त्यानंतर पुण्यात जी धरपकड आणि दडपशाही सुरू झाली तेव्हाचे, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' आणि पाठोपाठ 'राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे'. चांगली अख्खी वाक्यं. पण ते अग्रलेख, तिथं ऐसपैस जागा होती. चोराला कोण देतंय एवढी जागा.

तुमच्या लक्षात असलेले असे शब्द टाका ना.

प्रतिसाद: अहो मुसक्या कशा विसरलात! 'टोळीच्या मुसक्या आवळल्या' आमच्याकडे रोज असतंय. पण मुसकं तर आम्ही मळणीला बैलाच्या तोंडाला बांधतो, कणसं खाऊ नये म्हणून. मग चोराचं तोंड बांधलं का?

उत्तर: दादा, मुसकं वेगळं आणि मुसक्या वेगळ्या. मुसक्या म्हणजे दोन्ही हात पाठीमागे वळवून दंडाला दोरी आवळणं. हिंदीत मुश्कें कसना म्हणतात ते हेच, तिथं मुश्क म्हणजे दंड. म्हणून 'आवळल्या' हेच क्रियापद बरोबर बसतं, आणि अजून एक, जो फरार आहे त्याच्या मुसक्या आवळता येत नाहीत, हल्ली नुसती केस दाखल झाली तरी आवळून टाकतात, ते मला पटत नाही.

प्रतिसाद: 'लाच घेताना रंगेहाथ' राहिलं की. मी केमिस्ट्री शिकवते म्हणून सांगते, हा शब्द लाचलुचपतवाल्यांच्या सापळ्यात अक्षरशः खरा होतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावलेली असते, ती दिसत नाही, मग घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची, पाणी झक्क गुलाबी! वर्गात हे सांगितलं की मुलं आम्ल-अल्कली आयुष्यात विसरत नाहीत.

उत्तर: ताई, भारीच! म्हणजे आधी रंगेहाथ, मग चतुर्भुज, मग गजाआड, पूर्ण प्रवास झाला.

प्रतिसाद: आणि जे सापडत नाहीत त्यांचं काय? 'मुद्देमालासह पोबारा'?

उत्तर: हो, हा मूळचा सोंगट्यांच्या डावातला. पौ म्हणजे एक आणि बारा म्हणजे दोन फाशांवर सहा-सहा, हे दान पडलं की नशीब उघडलं. हिंदीत अजून तोच अर्थ आहे, कुणाचे पौ बारह झाले म्हणजे त्याची चांदी झाली. मराठीत मात्र पोबारा केला म्हणजे पळाला. पेटी घेऊन पळालेल्या चोराला विचारा, तो म्हणेल दोन्ही अर्थ बरोबर आहेत.